गप्प बसणाऱ्यांच्या संस्थेत दहा आठवडे

सोलापुरात आमचं घर म्हणजे एक खोली, आणि दिवसा ती खोली आईची. आई विड्या वळायची. भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली असायची. ती कातरून द्यायचं काम माझं आणि थोरल्या बहिणीचं. सकाळी आई सुपात विड्यांच्या जुड्या घेऊन कारखान्यात जायची. तिथला तपासनीस मूठभर विड्या उचलायचा, बघायचा न बघायचा आणि बाजूला फेकून द्यायचा. याला छाट म्हणतात. का फेकल्या ते आईनं कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. वडील टॉवेलच्या मागावर होते. मी सातवीत असताना ते शेड बंद पडलं आणि पुढची दोन वर्षं आम्ही पाच जण नुसत्या विड्यांवर जगलो. तंबाखूची धूळ एवढी, की घरातला प्रत्येक जण शिंकतच जागा व्हायचा.

कीव यावी म्हणून हे लिहीत नाही. आमच्या सगळ्या गल्लीचं असंच होतं. लिहिते एवढ्यासाठी, की पुढे माझा पारा पुन्हा पुन्हा चढलेला दिसेल. "शिकली-सवरलेली मुलगी, परदेशात गेली, आणि एवढी कसली चिडचिड?" असं ज्यांना वाटेल त्यांनी हा पहिला परिच्छेद परत वाचावा.

आमच्या घरात पहिली बी.ए. मी. मग समाजकार्याच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. त्यात उन्हाळ्यात दहा आठवडे कुठल्या तरी संस्थेत काम करावं लागतं. बाकीच्या मुली पुण्याला, नाशिकला गेल्या. आमच्या मॅडमनी मला एक जाहिरात दाखवली. सिंगापूर, सामाजिक न्यायाचं काम, हिंदी चांगली येणारी विद्यार्थिनी हवी, प्रवास आणि राहणं संस्थेकडून. खाली एक ओळ होती: ही क्वेकर संस्था आहे. मी अर्ज ठोकून दिला. क्वेकर म्हणजे काय, हे पाहिलंसुद्धा नाही. आधी पाहायला हवं होतं, असं पुढे निदान आठ आठवडे मला रोज वाटत होतं.

क्लेमेंटी

माझी राहायची सोय सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात मंजिरीताईंकडे होती. मूळच्या पुण्याच्या, एका बँकेत नोकरीला, पंधरा वर्षांपासून सिंगापुरात आणि आता पीआर, म्हणजे तिथल्या कायमच्या रहिवासी. नवरा कामासाठी सदा बाहेरदेशी. घरात त्या आणि दहा वर्षांची ईरा. अकराव्या मजल्यावरचा सरकारी फ्लॅट. इथे कपडे खिडकीबाहेर लांब काठीवर वाळत घालतात. दुसऱ्याच दिवशी माझी ओढणी काठीवरून सुटली आणि आठव्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी चादरीवर जाऊन बसली. ती मागायला मी निघाले, तर ईरा म्हणाली, "मावशी, जस्ट लाइक दॅट कॅनॉट लाह. फर्स्ट मस्ट मेसेज." म्हणजे खाली जाऊन दार वाजवायचं नाही, आधी इमारतीच्या ग्रुपवर निरोप टाकायचा. ओढणी दोन दिवसांनी घडी घालून दाराला लटकवलेली मिळाली. माणूस काही दिसलं नाही.

मंजिरीताईंनी सूचना दिल्या. हे खाऊ नकोस, ते टाकू नकोस, पास कायम जवळ ठेव. मग विचारलं, "बरं, तुझ्या संस्थेत नक्की काय काम असतं?"

"घरकाम करणाऱ्या बाहेरदेशच्या बायकांसाठी काम करतात ते."

"म्हणजे हेल्परसाठी. चांगलंय. पण जपून हं. उगाच कुणाच्या घरात नाक खुपसायचं नाही. इथे सगळं नियमात."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

पहिला सोमवार

संस्थेची जागा जुन्या दुकानांच्या रांगेत, वरच्या मजल्यावर. दोन खोल्या. मागच्या खोलीत टेबलं, फायली आणि चहाची किटली. पुढची खोली मोठी आणि रिकामी, नुसत्या गोलात मांडलेल्या खुर्च्या. भिंतीवर क्रूस नाही, फोटो नाही, साधं कॅलेंडर नाही. रविवारी सकाळी याच खोलीत क्वेकरांची उपासना होते.

हा ख्रिस्ती लोकांचा एक छोटा पंथ. यांच्यात पाद्री नाही, गाणी नाहीत, घंटा नाही. गोलात बसायचं आणि तासभर गप्प राहायचं. कोणाला आतून फारच वाटलं तर त्यानं उभं राहून दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. युद्धाला यांचा विरोध, आणि सगळी माणसं सारखी, म्हणून सर-मॅडमलाही विरोध. हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या सोमवारी काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

नऊ जण गोलात बसले होते. कामाची बैठक आहे असं मला सांगितलं होतं. मी वही-पेन काढून बसले. डॅनियल नावाचे पन्नाशीचे तमिळ गृहस्थ म्हणाले, "सुरुवात करू या." आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. कोणी हलेना. मला वाटलं, कोणीतरी वारलंय. आमच्या कॉलेजात, सभेत, कुठेही असे सगळे गप्प झाले की माणूस काय करतो? उठून उभा राहतो. मी उभी राहिले, हात पुढे जोडले, मान खाली घातली.

बराच वेळ झाला तसं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. नऊच्या नऊ माणसं माझ्याकडे बघत होती, मोठ्या आदरानं, वाट बघत. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची अपेक्षा आहे एवढं कळलं. इंग्रजीत म्हणाले, "त्यांच्या आत्म्यास शांती लाभो." आणि बसले. सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले, आणि ती शांतता आणखी दहा मिनिटं लांबली.

चहाच्या वेळी एक म्हाताऱ्या चिनी बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुझं कोण गेलं, बाळ?"

"माझं? तुमचं कोण गेलं?"

"कोणीच नाही."

"मग तुम्ही गप्प का होता?"

बाई एवढ्या हसल्या की त्यांच्या बशीत चहा सांडला. त्यांचं नाव मेबल. वय शहात्तर, जन्मभर नर्स. सगळे त्यांना नुसतं मेबल म्हणायचे, अगदी पंचवीस वर्षांचं पोरगंसुद्धा. माझी जीभ काही वळेना. मी मेबल आंटी म्हणायला लागले आणि तेवढ्या बाबतीत मी माझंच खरं केलं.

त्या दिवशी आईचा फोन आला. घडलेलं सांगितलं. आई म्हणाली, "गप बसायला एवढ्या लांब इमानानं गेलीस व्हय गं?"

ईस्ट कोस्ट

दुसऱ्या रविवारी मला पहिलं काम मिळालं. ईस्ट कोस्टच्या बागेत जायचं, तिथे सुट्टीच्या दिवशी जमणाऱ्या हेल्पर बायकांना एक प्रश्नावली भरायला लावायची. तुम्हाला कोणता वर्ग आवडेल? इंग्रजी, संगणक, केक करणं, केस कापणं. समोर चौकोन, त्यात खूण करायची.

जागा बाकी सुंदर. एका बाजूला सायकली सपासप जातायत, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि टोलनाक्यावर ट्रक खोळंबावेत तशी पाण्यात रांगेनं उभी जहाजं. झाडाखाली चटया टाकून बायकांचे घोळके. कोणी नाचतंय, कोणी घरी व्हिडिओ कॉलवर. एका बदामाच्या झाडाखाली, फाडलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक बाई आडवी होती. डोळ्यांवर रुमाल. मी हिंदीत विचारलं, "दीदी, पाच मिनट बात करेंगी?"

रुमाल न काढता ती म्हणाली, "कौन सा कोर्स?"

"मतलब?"

"हर इतवार कोई न कोई कोर्स लेके आता है. आप कौन सा लायी हो?"

मी यादी वाचली. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "सोने का कोर्स है क्या?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. तिनं रुमाल काढला. चाळिशीच्या आतबाहेरची, डोळ्यांखाली काळं. नाव पूर्णा, दार्जिलिंगकडची. बुकित पंजांग भागात एका घरात कामाला होती. घरातल्या आजोबांना स्वतःहून उठता येत नव्हतं. ही त्यांच्याच खोलीत खाली झोपायची. ते दर दीड-दोन तासांनी हाक मारायचे, कूस बदलायची, पाणी द्यायचं. तीन वर्षं असं चाललेलं. "मॅडम बुरी नहीं है," हे तिनं दोनदा सांगितलं. रविवारी सुट्टी, सकाळी दहा ते संध्याकाळी सात.

"मग सुट्टीच्या दिवशी घरीच का नाही झोपत?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या पदवीची लाज वाटली. "घर में रहूँगी तो छुट्टी कहाँ? दादाजी बुलाएँगे, मैं उठूँगी."

आणि बागेत? बागेत पाऊस येतो, मुंग्या येतात, पर्सवर हात ठेवून झोपावं लागतं, मध्येच कोणीतरी पत्रकं घेऊन येतं. पत्रकं घेऊन आलेली मीच. तिनं डबा उघडून मला तिखट आलूदम दिला. मी पिशवीतली शेंगांची चटणी काढली. एक चिमूट खाऊन ती ताडकन उठून बसली. "ये चटनी है कि बारूद?"

मग माझ्या तोंडून निघून गेलं. आमच्याकडे एक मोठी खोली आहे. रविवारी दुपारी रिकामीच असते. पंखे आहेत. मी तुम्हाला तिथे झोपायची सोय करून देते.

"पक्का?"

"पक्का."

सोलापूरची माणसं शब्द दिला की दिला. फक्त ती खोली माझी नव्हती, एवढं एक मी विसरले.

नऊ माणसं आणि एक स्वल्पविराम

चौथ्या आठवड्यात मी प्रस्ताव मांडला. रविवारी दुपारी एक ते साडेपाच खोली झोपण्यासाठी उघडी. गाद्या किती, पंखे किती, चपला कुठे, पिण्याचं पाणी कुठे. सगळं लिहिलं होतं. "प्रत्येकीने आपापला अलार्म लावावा," अशी स्वावलंबनाची ओळही टाकली होती आणि तिचा मला अभिमान वाटत होता.

समितीची बैठक दर पंधरा दिवसांनी, बुधवारी. तिची पद्धत सांगते. मतदान नाही. कधीच नाही. एक जण बोलतो, मग सगळे गप्प. दुसरा बोलतो, पुन्हा गप्प. डॅनियलना क्लार्क म्हणतात, पण आपल्याकडे क्लार्क म्हणजे "साहेब जेवायला गेलेत" सांगणारा माणूस. इथे साहेबच नाही, क्लार्कच बैठक चालवतो. सगळ्यांचं एक मत झालंय असं त्याला जाणवलं की तो तिथल्या तिथे ठराव लिहितो आणि वाचून दाखवतो. तो सगळ्यांना मान्य झाला तरच पुढचा विषय. एकालाही पटत नसेल तर थांबायचं.

त्या बुधवारी माझ्या विषयाआधी चहापत्तीचा ठराव होता. त्यातल्या एका स्वल्पविरामावर वीस मिनिटं गेली. घड्याळ लावून मोजली. माझा विषय आला आणि वेळ संपली.

म्हटलं, असं होय! मग आपली पद्धत दाखवते. आमच्याकडे नगरसेवकाची निवडणूक असली की आदल्या दिवशी घरोघर फिरतात. मी दोन आठवडे तेच केलं. एकेकाला गाठलं, चहा पाजला, समजावलं. कोणाला शेंगांची चटणी दिली. आठ जण हो म्हणाले. मेबल आंटी तेवढ्या "बघू" म्हणाल्या. सहाव्या आठवड्यात बैठकीत उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, "नऊपैकी आठ जण बाजूने आहेत. मंजूर समजायचं का?"

शांतता. ती नेहमीची नाही, जरा वेगळी. शाळेत भलतंच उत्तर दिल्यावर वर्गात होते तशी.

डॅनियल सौम्यपणे म्हणाले, "अश्विनी, आम्ही मोजत नाही."

"पण आठ जण आहेत!"

"हो. आणि मेबल आहे."

मेबल आंटी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला हे जमत नाहीये."

"का?"

"अजून माहीत नाही."

अजून माहीत नाही! विषय पंधरा दिवस पुढे. मी घरी आले ते पाय आपटतच. मंजिरीताईंना सांगितलं तर त्या हिरवी मिरची चिरता चिरता थांबल्या. "कारण माहीत नाही आणि तरी अडवलं? आमच्या बँकेत अशा बाईला कोणी बैठकीला बोलावणार नाही." मला बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पण तू आधी शब्द कशाला देऊन ठेवलास गं?" मग वाटेनासं झालं.

बुकित पंजांग

पूर्णाला फोनवर सांगायची हिंमत होईना. दुपारी आजोबांना चाकाच्या खुर्चीतून ती खाली आणते हे ठाऊक होतं, म्हणून शुक्रवारी बुकित पंजांगला गेले. तिथे एलआरटी नावाची छोटी, बिनचालकाची गाडी इमारतींच्या मधून उंचावरून फिरते. मी काचेला नाक लावून तिची इमारत शोधत होते. एकाएकी काच पांढरी झाली. पलीकडचं काही दिसेना. वाटलं, मीच काहीतरी बिघडवलं. शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "घरं जवळ आली की असं होतं. आतलं दिसू नये म्हणून." इमारत मागे पडली, काच पुन्हा स्वच्छ. दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू नये यासाठी या देशानं यंत्र केलंय! आमच्या गल्लीत आमटीला फोडणी कसली दिली हे चौथ्या घरी कळतं. मला कौतुक वाटलं आणि रागही आला. सगळं इतकं झाकलेलं असेल तर आत कोण झोपलंय आणि कोण जागं आहे, कुणाला कळायचं?

पूर्णा इमारतीखालच्या बाकावर होती, आजोबा खुर्चीत डुलकी घेत होते. मला पाहून म्हणाली, "क्या हुआ? तुम्हारे लोग अभी भी चुप बैठे हैं?"

मी मान हलवली.

तिनं मग तिची बातमी सांगितली. गेल्या रविवारी पाऊस होता. बागेत जागा नाही. थंडगार बसमध्ये बसली आणि झोपली. अलार्म लावला होता, ऐकूच आला नाही. शेवटच्या स्टॉपवर चालकानं उठवलं. घरी पोचायला पन्नास मिनिटं उशीर. आजोबा ओले होऊन पडलेले. मॅडमनी आवाज चढवला नाही, फक्त पुढचे चार रविवार बंद केले.

"गलती मेरी थी," पूर्णा म्हणाली. मग आजोबांची मान सरळ करत म्हणाली, "दीदी, परसों इनको उठाते टाइम मेरा पैर फिसला. दोनों गिर जाते. ऐसे ही चला तो मैं घर चली जाऊँगी. घर में दो बेटियाँ पढ़ रही हैं, पर गिरा के तो नहीं जा सकती ना."

मी तिच्याशेजारी बसले, तीही गप्प, मीही गप्प. क्वेकरांनी पाहिलं असतं तर कौतुक केलं असतं.

हॉकर सेंटर

सातव्या आठवड्यात मेबल आंटींना मी ऑफिसखालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, गाठलं. त्या माशाच्या गोळ्यांचं सूप खात होत्या. मी एका मलय ठेल्यावरून भात, तळलेला मासा आणि सांबाल नावाची झणझणीत चटणी घेऊन त्यांच्यासमोर बसले. डोळे मिटून त्या मिनिटभर गप्प बसल्या. यांच्यात जेवणाआधीही गप्प. माझा मासा गार झाला.

"आंटी, सरळ विचारते. त्या बायका तिथे झोपलेल्या तुम्हाला बघवणार नाहीत का?"

"तसं नाही."

"जागा मळेल?"

"छे."

"मग उपासनेची खोली म्हणून?"

"देवाला झोपेचं वावडं नाही, अश्विनी. माझा नवरा चाळीस वर्षं उपासनेत घोरला."

"मग काय?"

"टोचतंय काहीतरी. सापडलं की सांगेन."

माझा संयम संपला. "तुमचं ते सापडेपर्यंत एक बाई बसमध्ये झोपते आणि तिचे रविवार बंद होतात. तुम्हाला घरी गादी आहे. मलाही आहे. तिला नाही." आणि ट्रे उचलून मी चालू पडले. इथे जेवल्यावर ट्रे स्वतः नेऊन रॅकवर ठेवायचा असतो. मी रागानं पहिल्या दिसलेल्या रॅकमध्ये सरकवला. लगेच एक सफाईवाले काका ओरडत धावले. हलालचा ट्रे वेगळ्या रॅकला, बाकीचा वेगळ्या. मी बरोबर चुकीच्या ठिकाणी ठेवला होता. काका मलय भाषेत बोलतायत, मी हिंदीत माफी मागतेय, लोक बघतायत. शेवटी मेबल आंटी उठून आल्या, मलय भाषेत काकांची समजूत घातली, ट्रे योग्य जागी ठेवला आणि माझ्या दंडाला धरून मला परत टेबलाशी आणलं. रागानं निघून जाण्यातली सगळी मजा गेली.

"बसमध्ये झोपली म्हणजे?" त्यांनी विचारलं. मी पूर्णाचं सगळं सांगितलं.

"अलार्म नव्हता?"

"होता. ऐकू आला नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "हेच. हेच टोचत होतं."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांच्या असताना, नर्सच्या वसतिगृहात, ओळीनं रात्रपाळ्या झाल्या की त्या गजराचं घड्याळ पत्र्याच्या बादलीत ठेवून झोपायच्या. तरी ऐकू यायचं नाही. शेजारच्या खोलीतली मुलगी येऊन खांदा हलवायची तेव्हा जाग यायची. "अशा झोपेतून यंत्र उठवत नाही. माणूस लागतं. आणि अनोळखी जागी बाईला अशी झोप लागायची, तर शेजारी कोणीतरी जागं आहे हे तिला ठाऊक असावं लागतं. तू गाद्या लिहिल्यास, पंखे लिहिलेस, चपलासुद्धा लिहिल्यास. उठवणार कोण?"

मला भयंकर राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. त्या खोलीत दहा जणींना झोप लागली असती आणि दहा जणींचे रविवार बंद झाले असते.

"मग हे गेल्या आठवड्यात का नाही बोललात?"

"गेल्या आठवड्यात तू मला बसचं कुठे सांगितलं होतंस? तू मला फक्त आठ जण आहेत एवढं सांगितलंस."

आठवा बुधवार

बैठकीत मी या वेळी भाषण केलं नाही. पूर्णाचं सांगितलं आणि बसले. शांतता. मग मेबल आंटी उभ्या राहिल्या. "रविवारी सकाळी आपण इथे तासभर बसतोच. दुपारी आणखी थोडं बसू. मी बसेन." आणि खाली बसल्या.

मिनिटभरानं कोणीतरी म्हणालं, "मीही." पुन्हा शांतता. "मी महिन्यातून एकदा." असं करत नऊ जण झाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की आवाज न करता, मोबाइल न बघता, खुर्चीत ताठ जागं बसून राहणं ही गोष्ट सिंगापुरात यांच्याइतकी कोणालाच येत नसेल. आणि मी आठ आठवडे त्याच गोष्टीवर दात-ओठ खात होते.

डॅनियलनी ठराव लिहून वाचला: "स्थलांतरित स्त्रियांच्या विश्रांती व सक्षमीकरणासाठी..."

"मला हे पटत नाही," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. मी दचकले. इंटर्नला असं म्हणता येतं की नाही ते कुठे ठाऊक होतं? पण डॅनियलनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघायला लागले. खरोखर थांबले सगळे. माझ्यासाठी.

"सक्षमीकरण नको," मी म्हटलं. "त्या सक्षमच आहेत. तीन वर्षं न झोपता माणूस सांभाळतायत. विश्रांतीही नको, ते सांगून मग कोणीतरी योगासनं आणेल. झोप असं लिहा."

त्यावर पंधरा मिनिटं गेली. या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी ठरावात झोप आली. अलार्मची ओळ गेली. तिच्या जागी आलं: प्रत्येकीला तिने सांगितलेल्या वेळी हात लावून उठवले जाईल.

दहावा रविवार

माझं परतीचं विमान मंगळवारचं. पूर्णाच्या बंद केलेल्या रविवारांनंतरचा हा पहिला रविवार. एक वाजता खोली उघडली. बारा गाद्या, पडदे ओढलेले, दाराजवळच्या खुर्चीत मेबल आंटी. इंडोनेशियाच्या, ब्रह्मदेशाच्या बायका आल्या, वेळ सांगितली, आडव्या झाल्या. दीड वाजला, पूर्णा नाही. मी जिन्यात तीनदा जाऊन आले. मॅडमनी हाही रविवार बंद केला का? की पूर्णानं मनातून मला केव्हाच खोटी ठरवली होती?

पावणेदोनला ती आली. चपला काढल्या, आत डोकावली. "यहाँ कोर्स तो नहीं है ना?"

"नहीं."

"और ये आंटी क्या करेंगी?"

"चुप बैठेंगी. साढ़े पाँच बजे आपको उठाएँगी."

तिनं आंटींकडे बराच वेळ पाहिलं. आंटींनी नुसती मान हलवली. पूर्णा भिंतीकडच्या गादीवर गेली, पर्स उशाशी ठेवली, मग विचार बदलून ती आंटींच्या खुर्चीखाली नेऊन ठेवली. परत येऊन पडली, आणि मी पाणी आणून ठेवेपर्यंत झोपलेली होती. मला अहवालासाठी फोटो हवा होता. आंटींनी बोटानंच नाही म्हणून सांगितलं. मी दुसऱ्या खुर्चीत बसले. पावणेचार तास. एक शब्द बोलले नाही. आईला सांगितलं तर तिला खरं वाटलं नाही.

साडेपाचला आंटी उठल्या, गुडघ्यावर बसल्या, पूर्णाच्या खांद्याला हात लावला. तिनं डोळे उघडले, कुठे आहे ते तिला क्षणभर कळलं नाही. मग मला म्हणाली, "दीदी, सपना भी नहीं आया."

ती पाच चाळीसच्या बसनं गेली. सातला दहा कमी असताना घरी पोचल्याचा तिचा मेसेज आला. त्या दिवशी त्या खोलीत अकरा बायका झोपल्या, आणि अकराही जणी वेळेत घरी गेल्या. आता माझं एम.ए. पूर्ण झालंय, पूर्णा अजून बुकित पंजांगलाच आहे, आणि खोली दर रविवारी एक वाजता उघडते.